अंतराचं भाडं कोण भरणार?

सांगली,
मकरसंक्रांत, १४ जानेवारी २०२६

चि. भाचीस,

तुझं पत्र परवा मिळालं. सिडनीतल्या रग्बी लीगच्या कचेरीत वेळापत्रक आणि प्रवास या दोन्ही टेबलांचं काम आता तुझ्याकडे आलं हे वाचून तुझ्या आईला आणि मला फार बरं वाटलं. तू विचारलं आहेस : "मामा, २०२७ मध्ये पर्थचा संघ येतोय, २०२८ मध्ये पापुआ न्यू गिनीचा. सतराचे एकोणीस संघ होणार. तुम्ही आयुष्यभर गाड्या सोडल्यात. नवी फेरी सुरू करताना आधी काय बघायचं?"

रग्बी लीग मी कधी खेळलो नाही. तुझ्याकडे राहायला आलो तेव्हा पहिल्यांदा पाहिली आणि नंतर तुझ्यामुळेच वाचत गेलो. पण फेऱ्या मात्र मी तेहेतीस वर्षं लावल्या. सांगतो ते त्या अनुभवावरून, आणि या खेळात आजवर जे घडून गेलं ते समोर ठेवून.

एक प्रश्न कागदावर लिही आणि तुझ्या टेबलाच्या काचेखाली ठेव. अंतराचं भाडं कोण भरणार? बाकीचे सगळे प्रश्न याच्या मागे उभे आहेत.

हा प्रश्न मला एका चुकीने शिकवला. मी वाहतूक विभागात नवा होतो. घाटापलीकडच्या एका गावाला मुक्कामी गाडी सुरू करायची ठरलं. गावाची मागणी कित्येक वर्षांची होती. पहिल्या दिवशी गाडीला झेंडूच्या माळा, पुढे नारळ, पेढे, फोटो, सगळं झालं. ड्युटीचा तक्ता मी केला होता. संध्याकाळी साडेपाचला निघायचं, रात्री साडेनऊला गावात मुक्काम, पहाटे पाचला परत. कागदावर फेरी सुरेख बसली. एवढंच बघायचं राहिलं, की चालक आणि वाहक रात्री झोपणार कुठे. पहिले आठ दिवस गावाने देवळात सोय केली. मग ते दोघे गाडीतच, दोन बाकांच्या मधल्या वाटेत सतरंजी टाकून झोपू लागले. पावसाळ्यात टप गळायला लागला. त्या ड्युटीवर जायला कुणी राजी होईना, रजेचे अर्ज वाढले, फेऱ्या रद्द होऊ लागल्या. गाडी येईल याची खात्री उरली नाही तेव्हा गावाने पुन्हा वडाप धरलं. वर्षाच्या आत फेरी बंद झाली आणि फाईलवर शेरा पडला : 'भारमान कमी, प्रवाशांचा प्रतिसाद नाही.'

प्रतिसाद होता. अंतराचा सगळा भार आम्ही दोन माणसांच्या पाठीवर टाकला होता, आणि त्या पाठी वाकल्यावर दोष गावाला दिला. तक्त्यावरची सही माझी होती. ती मला अजून टोचते.

आता रग्बी लीगच्या जुन्या फाईली काढून बघ. बंद पडलेल्या फेऱ्यांवर तिथेही असेच शेरे सापडतील.

पर्थपासूनच सुरुवात कर, कारण पर्थला तुम्ही पहिल्यांदा जात नाही आहात. १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियातली स्पर्धा एकदम वीस संघांची झाली. ऑकलंड, उत्तर क्वीन्सलंड, दक्षिण क्वीन्सलंड आणि पर्थचे वेस्टर्न रेड्स असे चार संघ एकाच वर्षी आत घेतले गेले. रेड्सना घेताना अट होती की पर्थला येणाऱ्या पाहुण्या संघांचा प्रवासखर्चही त्यांनीच सोसायचा. म्हणजे देशाच्या पश्चिम टोकाला वसल्याचा दंड दोनदा भरायचा, एकदा आपण जाताना आणि एकदा दुसरे येताना. त्यात सुपर लीग नावाच्या फुटीर स्पर्धेचं भांडण पेटलं. १९९७ मध्ये दोन वेगळ्या स्पर्धा आणि मिळून बावीस संघ झाले. त्या वर्षाअखेर रेड्स कर्जासकट बुडाले. ॲडलेडचा संघ १९९७ मध्ये आला आणि १९९८ मध्ये संपला. वीसवरून बावीस, आणि २००० साल उजाडेपर्यंत चौदा. पाच वर्षांत एवढी गावं नकाशावर आली आणि पुसली गेली. गर्दी नव्हती म्हणून सगळे गेले असं म्हणणं सोपं आहे. पण ज्याच्या गळ्यात पहिल्याच दिवशी दोघांचं भाडं बांधलं, तो चालणार किती?

ही चूक एकट्या ऑस्ट्रेलियाची नाही. कॅनडातल्या टोरांटो वुल्फपॅकची गोष्ट तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. २०१७ मध्ये हा संघ इंग्लंडच्या स्पर्धेत तिसऱ्या पायरीवर आला, पहिल्याच वर्षी ती पायरी जिंकला आणि २०१९ मध्ये झगडून सगळ्यात वरच्या पायरीवर, इंग्लंडच्या सुपर लीगमध्ये पोचला. लॅम्पोर्ट स्टेडियमवर लोक मनापासून येत होते. पण इंग्लंडहून येणाऱ्या संघांचा विमानाचा आणि राहण्याचा खर्च टोरांटोने स्वतः उचलायचा होता. वरच्या पायरीवर पोचल्यावर प्रसारणाच्या सामायिक पैशातला वाटाही त्यांना मिळाला नाही. सनी बिल विल्यम्ससारखा मोठा खेळाडू घेतला आणि सगळा डोलारा एका मालकाच्या खिशावर उभा राहिला. कॅनडातल्या हिवाळ्यामुळे २०२० च्या हंगामाचे सुरुवातीचे सगळे सामने इंग्लंडमध्येच ठेवले होते. तेवढ्यात करोना आला. जुलै २०२० मध्ये क्लबाने हंगामातून माघार घेतली आणि नोव्हेंबरात बाकीच्या क्लबांनी त्यांना परत घ्यायला नकार दिला. ज्या शहरासाठी एवढा खटाटोप झाला, त्या टोरांटोत सुपर लीगचा एकही सामना झाला नाही.

पोरी, या दोन गोष्टींमध्ये पंचवीस वर्षांचं आणि एका महासागराचं अंतर आहे, पण करारातली ओळ एकच आहे. नवा येतोय ना, मग त्याने सगळं सोसावं. जुन्या क्लबांना ही ओळ रास्त वाटते. आपण शंभर वर्षं घाम गाळला, आता हा नवा येऊन आपल्या ताटातलं घेणार, असं त्यांच्या मनात येतं. माणसाचा स्वभाव आहे तो, त्यांना दोष देऊ नकोस. पण तुझ्या टेबलावर ती ओळ आली की तिच्याखाली तांबडी रेघ मार.

आणि जुने क्लब वाद घालायला लागले तर त्यांना त्यांच्याच खेळाचा जन्म आठवून दे. २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडमधले क्लब जमले ते कशासाठी? तिथले खेळाडू गिरणीत आणि खाणीत काम करणारे. शनिवारी सामन्याला गेलं की मजुरी बुडायची. बुडालेल्या मजुरीपोटी दिवसाला सहा शिलिंग द्यावेत एवढीच मागणी होती. रग्बीचे कारभारी ती मान्य करीनात, म्हणून हे क्लब वेगळे झाले आणि त्यातून पुढे तेरा जणांचा हा खेळ उभा राहिला. खेळायला जाण्याची किंमत एकट्या खेळाडूने भरू नये, यावर तुमचा खेळ जन्मला. आज गिरणीच्या जागी विमानतळ आला आहे, एवढाच फरक. १८९५ मध्ये जे खेळाडूसाठी न्याय्य होतं, ते २०२७ मध्ये दूरच्या क्लबासाठीही न्याय्यच असलं पाहिजे.

टिकलेली फेरीही दाखवतो, म्हणजे नुसती भीती घातली असं व्हायला नको. फ्रान्सच्या दक्षिणेला पर्पिन्याँ नावाचं शहर आहे. तिथले दोन जुने क्लब २००० मध्ये एक झाले आणि त्यातून उभा राहिलेला कातालान ड्रॅगन्स संघ २००६ मध्ये इंग्लंडच्या सुपर लीगमध्ये आला. पहिली तीन वर्षं त्याला खालच्या पायरीवर ढकलायचं नाही, असं आधीच ठरलं होतं. पहिल्या वर्षी हा संघ तळाला राहिला. शब्द दिला होता म्हणून तो वाचला आणि त्याच्या वरचा कॅसलफर्ड खाली गेला. कॅसलफर्डच्या लोकांना ते किती लागलं असेल! तरी लीगने शब्द पाळला. दुसऱ्याच वर्षी कातालान चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात उतरले, २०१८ मध्ये वॉरिंग्टनला २०-१४ हरवून त्यांनी तो कप फ्रान्सला नेला, आणि २०२१ मध्ये साखळीत सगळ्यांच्या वर राहिले. तिथे दोन गोष्टी होत्या. मातीत खेळ आधीपासून रुजलेला होता, आणि पडायची मुभा देणारी तीन वर्षं लेखी होती. तुमच्याकडचंच उदाहरण हवं असेल तर मेलबर्न बघ. १९९८ मध्ये तो संघ आला तेव्हा शहर दुसऱ्याच फुटबॉलचं वेडं होतं. मागे उभ्या असलेल्या कंपनीने वर्षानुवर्षं तोटा सोसला, तेव्हा कुठे पाय रोवला गेला. नव्या फेरीचं भारमान पहिल्या वर्षी मोजायचंच नसतं. ते तिसऱ्या वर्षी मोजायचं आणि पाचव्या वर्षी त्यावर बोलायचं.

आता गर्दीबद्दल. तू लास व्हेगासबद्दल भरभरून लिहिलं आहेस. मार्च २०२४ मध्ये तिथल्या बंदिस्त स्टेडियममध्ये तुमच्या लीगच्या सामन्यांना चाळीस हजारांवर लोक आले. पर्थलाही २०१९ मध्ये स्टेट ऑफ ओरिजिन या दोन राज्यांमधल्या सामन्याला जवळजवळ साठ हजार माणूस लोटला होता. आनंद आहे. पण आषाढीच्या जादा गाड्या आणि रोजची फेरी यांचा हिशेब आम्ही कधीच एका वहीत ठेवला नाही. आषाढीला पंढरपूरची गाडी दारापर्यंत भरते म्हणून तेवढ्याच गाड्या भाद्रपदात सोडल्या तर त्या रिकाम्या धावतील. व्हेगास ही तुमची जत्रा आहे. जत्रा करावी, तिच्यातून चार पैसे आणि चार नवी माणसं मिळतात. पण पर्थची खरी परीक्षा जुलैमधल्या पावसाळी संध्याकाळी आहे, संघ सलग पाच सामने हरलेला असताना. त्या दिवशी वीस हजारांच्या मैदानात दहा हजार आले तर समज, फेरी लागली. वरिष्ठांसाठी करशील त्या नोटेत जत्रेचे आकडे आणि रोजचे आकडे निरनिराळ्या पानांवर ठेव, आणि वरिष्ठांनी ते एकत्र केले तर विनयाने पुन्हा वेगळे कर.

यानंतर खुद्द वेळापत्रक. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हे माझ्या हातचं काम.

सिडनी ते पर्थ सुमारे तेहेतीसशे किलोमीटर. जाताना विमानाला पाच तास लागतात, येताना वारं पाठीशी म्हणून चार. घड्याळ दोन तासांनी मागे, आणि मार्चमध्ये सिडनीचं उन्हाळी घड्याळ चालू असतं म्हणून तीन तासांनी. समज, शनिवारी रात्री साडेसातला पर्थमध्ये सामना आहे. संपेपर्यंत सव्वानऊ वाजले. आता दोनच वाटा. मध्यरात्रीच्या विमानाने निघायचं आणि रात्रभर बसून पहाटे सिडनीला उतरायचं, नाहीतर मुक्काम करून रविवारचा अख्खा दिवस प्रवासात घालवायचा. पहिल्या वाटेने झोप जाते, दुसऱ्या वाटेने सावरण्याचा दिवस जातो.

सावरणं म्हणजे काय, ते मी लाइकार्ट ओव्हलवर पाहिलं आहे. आठवतं का, गवताच्या उतारावर आपण बसलो होतो आणि सामना संपल्यावर तू मला मागच्या दारी नेलं होतंस? एक तरणाबांड खेळाडू बर्फाच्या टबात कमरेपर्यंत बसला होता. त्याच्या खांद्यावरून गळ्याकडे पट्टी काढल्याची लाल रेघ होती आणि पाण्याची बाटली उघडायला त्याने दुसऱ्याला सांगितलं, कारण बोटं मिटत नव्हती. बाहेर दोघं जण व्हॅनमध्ये घडीचे मसाज टेबल, ओल्या जर्सींच्या पिशव्या, पट्ट्यांची खोकी भरत होते. आपल्या कबड्डीत एक पकड बसली तरी दुसऱ्या दिवशी अंग बोलतं. इथे ऐंशी मिनिटं धडकाच धडका. त्या मुलाला त्या रात्री चार तास विमानाच्या अरुंद खुर्चीत बसवायचं आणि पाचव्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवायचं, हा निर्णय तुझ्या टेबलावर होतो. तक्त्यात ती फक्त एक चौकट दिसते. तिच्यात तो मुलगा बसलेला दिसला पाहिजे.

म्हणून माझे तीन नियम घे. पहिला : पर्थहून परतलेल्या संघाला सात दिवसांच्या आत सामना लावायचा नाही, मग दूरदर्शनवाल्यांचा कितीही आग्रह असो. सामन्याशिवायचा आठवडा द्यायचाच असेल तर तो लांबच्या फेरीला जोडून दे. आज सतरा संघ असल्यामुळे दर आठवड्याला एक तरी संघ बसतोच. अठरा झाल्यावर ती सक्ती जाईल, एकोणिसाव्या संघाबरोबर परत येईल. त्या रिकाम्या आठवड्यांचा उपयोग विश्रांतीसाठी विचार करून कर, उरलंसुरलं भरायला नको.

दुसरा : बाकीचे संघ पर्थला वर्षातून एकदा, फार तर दोनदा जातील. पर्थच्या संघाला मात्र परगावचा प्रत्येक सामना लांबचाच. जवळचं गाव मेलबर्न, तेही सत्तावीसशे किलोमीटरवर. चोवीस सामन्यांतले निम्मे बाहेर धरले तर हंगामात सत्तर हजारांवर किलोमीटर होतात, म्हणजे पृथ्वीला जवळजवळ दोन प्रदक्षिणा. तेव्हा त्यांचे पूर्वेकडचे सामने जोडीने लाव. एक सिडनीत, दुसरा आठवड्याने ब्रिस्बेनमध्ये, मध्ये एकाच ठिकाणी मुक्काम आणि सरावाची पक्की जागा. पण दोनापेक्षा जास्त सलग नको. न्यूझीलंडच्या वॉरियर्सची तीन वर्षं डोळ्यासमोर ठेव. करोनात सीमा बंद झाल्या आणि २०२० पासून तो संघ ऑस्ट्रेलियात मुक्कामाला राहिला, सुरुवातीला तर बायकामुलं मागे ठेवून. ३ जुलै २०२२ ला ते ऑकलंडच्या आपल्या मैदानावर परतले आणि भरलेल्या मैदानात वेस्ट्स टायगर्सना २२-२ ने हरवलं. घर म्हणजे काय ते त्या आकड्यात आहे. स्पर्धा चालू राहिली ती त्या मुलांनी अंतराचं भाडं आपल्या संसारातून भरलं म्हणून. तशी वेळ पुन्हा आणू नका.

तिसरा : अंतरात तोटाच आहे असं समजू नकोस. पर्थमध्ये संध्याकाळी साडेपाचला सुरू झालेला सामना हिवाळ्यात सिडनीच्या घरात साडेसातला दिसतो. रात्री साडेसातचा तिथला सामना सिडनीत साडेनऊला, पूर्वेकडचे सगळे सामने संपल्यावर. प्रसारणाला ही नवी वेळ मिळते आणि तिचे पैसे येतात. त्या पैशांतला एक ठरावीक हिस्सा प्रवासाच्या सामायिक निधीत जावा, असं सुचव. आमच्याकडे फायद्यातल्या फेऱ्या तोट्यातल्या फेऱ्यांना पोसायच्या, आणि तसं केलं म्हणूनच डोंगरातल्या पोरी कॉलेजला पोचल्या. यातलं काही तुमच्याकडे आज होतही असेल. होत असेल तर ते लेखी आणि दहा वर्षांसाठी पक्कं करून घे. साहेब बदलले की तोंडी प्रथा बदलतात.

आणखी एक. पर्थ हे खाणवाल्यांचं शहर आहे. हजारो माणसं तिथून विमानाने खाणीवर जातात, ठरलेले आठवडे काम करतात आणि विमानाने घरी येतात. त्यांच्या पाळ्या लावणारे कारकून अंतर, झोप आणि संसार यांचा हिशेब रोज करतात. एकदा त्यांच्याशी बसून बोल. त्यांच्याकडून मिळेल ते कुठल्याही सल्लागाराच्या अहवालात मिळणार नाही.

आता पापुआ न्यू गिनीची राजधानी, पोर्ट मोर्स्बी. इथे हिशेब उलटा आहे. अंतर थोडं, केर्न्सहून विमानाने दीड तासाच्या आसपास. घड्याळ ब्रिस्बेनचंच. आणि खेळाची आवड तर विचारूच नकोस. आठशेवर भाषा बोलणाऱ्या त्या देशाला एकत्र बांधणारा खेळ हाच आहे. त्यांचा हंटर्स संघ २०१४ पासून क्वीन्सलंडच्या स्पर्धेत खेळतो आणि २०१७ मध्ये त्याने ती जिंकली. म्हणजे फेरीची चाचणी झालेली आहे, माणसं तयार आहेत.

अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. पोर्ट मोर्स्बीहून लाएला किंवा डोंगराळ मुलखात जायला सलग रस्ता नाही. ज्या डोंगरातून सगळ्यात वेडे चाहते येतात, त्यांना राजधानीतला सामना बघायला विमान धरावं लागतं. राजधानीतलं मैदान पंधरा हजारांच्या आतलं. म्हणून सामन्याची तिकिटं वाटताना त्या लोकांना विसरू नका, आणि सरावाचे सामने, मुलांची शिबिरं लाएला, माउंट हेगनला घेऊन जा. लोकांना गाडीपर्यंत येता येत नसेल तर गाडीने गावात जावं. खेळाडूंची घरं, त्यांच्या मुलांची शाळा, दवाखाना, सुरक्षितता हे सगळं पहिल्या सामन्याच्या आधी उभं असलं पाहिजे. माझ्या मुक्कामी गाडीची सतरंजी तिथे पुन्हा दिसायला नको.

पैशाबद्दलही सावध राहा. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये पापुआ न्यू गिनीच्या संघाच्या योजनेला दहा वर्षांत साठ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर द्यायचं जाहीर केलं. पर्थच्या मागे तिथल्या राज्य सरकारचे सात वर्षांसाठी साडेसहा कोटींच्या आसपास डॉलर आहेत. सरकारी पैसा वाईट नाही, मी जन्मभर सरकारी पगारावर जगलो. पण त्या पैशाला मुदत असते आणि त्याच्यामागे राजकारणाचं हवामान असतं. पापुआ न्यू गिनीचा पैसा शेजारच्या देशांशी संबंध राखण्याच्या धोरणातून आला आहे, आणि धोरणं बदलतात. तेव्हा आठव्या वर्षी पर्थ आणि अकराव्या वर्षी पोर्ट मोर्स्बी कशावर उभे असतील, हे आजच एका कागदावर मांड. उत्तर सापडलं नाही तर ती जागा कोरी ठेव, पण ती कोरी आहे हे वरिष्ठांना दिसू दे.

शेवटी जुन्या गावांबद्दल. नवी फेरी सुरू करायला गाडी लागते, आणि डेपोत गाडी नसली की कुठल्यातरी जुन्या गावाची फेरी कापली जाते. तुमच्याकडेही ते झालं. साउथ सिडनी हा १९०८ च्या पहिल्या हंगामापासूनचा क्लब. चौदा संघांचा आकडा गाठायचा म्हणून १९९९ च्या हंगामानंतर त्याला बाहेर काढलं. हजारो लोक सिडनीच्या रस्त्यावर उतरले, प्रकरण कोर्टात गेलं, आणि २००२ मध्ये त्यांना परत घ्यावं लागलं. २०१४ मध्ये त्याच क्लबाने अजिंक्यपद मिळवलं. त्याच वेळी १९०८ चाच दुसरा क्लब, नॉर्थ सिडनी बेअर्स, विलीनीकरणात वरच्या स्पर्धेतून नाहीसा झाला. आज पर्थचा संघ बेअर्स हे नाव घेऊन येतोय. याकडे नुसता नावाचा व्यापार म्हणून बघू नकोस. उत्तर सिडनीच्या मैदानावर अजूनही लाल-काळा झेंडा घेऊन येणारी म्हातारी माणसं आहेत. त्यांच्या नातवंडांना त्या मैदानावर दरवर्षी एखादा सामना मिळाला, तर पर्थला पूर्वेकडेही एक घर मिळेल. लांबच्या गाडीला वाटेत आपलं माणूस असावं लागतं.

तू बैठकीत नवी आहेस, वयाने लहान आहेस आणि तिथे तुझ्यासारखी दिसणारी दुसरी कुणी नसेल. तरी बोल. मोठे लोक नकाशा बघतात, कारण नकाशावर ठिपका ठेवायला क्षण पुरतो. तक्ता करणाऱ्याला मात्र त्या ठिपक्यापर्यंत जाणारी माणसं दिसतात, आणि ती दिसतात म्हणूनच बोलायची जबाबदारी त्याची असते. त्या मुक्कामी गाडीच्या वेळी मी बोललो नाही. कुणी विचारलं नव्हतं, हे माझं कारण होतं, आणि ते पुरेसं नव्हतं.

तुझ्या नोटेच्या पहिल्या पानावर, नफ्यातोट्याच्या आकड्यांच्याही आधी, तीन ओळी लिही. दूरच्या संघांचा आणि त्यांच्याकडे येणाऱ्यांचा प्रवासखर्च कोणत्या निधीतून जाईल. लांबच्या फेरीनंतर किती दिवस विश्रांती मिळेल. आणि हे दोन्ही किती वर्षं बदलणार नाही. या तीन ओळींना उत्तर मिळालं की बाकीचं वेळापत्रक तू नक्की बसवशील, तो हात तुझ्याकडे आहे. उत्तर मिळेपर्यंत सही करू नकोस. जिच्या चालकाला रात्री पाठ टेकायला जागा नाही, ती फेरी सोडायची नाही, मग गाडीला कितीही माळा घातलेल्या असोत.

तब्येतीला जप. घरच्या सगळ्यांचे आशीर्वाद.

तुझा,
मामा